गॅलरीतला कारखाना

'रोबो' हा शब्द आज लहान मुलांच्याही तोंडी आहे. पण तो कारखान्यात जन्मलेला नाही. तो रंगभूमीवर जन्मला, ही गोष्ट आपणा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना सुखावणारी आहे. चेक लेखक कारेल चापेक याने १९२० साली 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिले आणि १९२१ च्या आरंभी ते प्रागच्या रंगभूमीवर आले. त्या नाटकातील कृत्रिम कामगारांना काय म्हणावे, हा प्रश्न चापेकला पडला, तेव्हा त्याचा चित्रकार भाऊ जोसेफ याने 'रोबोट' हा शब्द सुचविला. मूळ चेक शब्द 'रोबोटा'. त्याचा अर्थ सक्तीने राबणे, म्हणजेच आपल्याकडची वेठ. तेव्हा यंत्रमानव हा मूळचा वेठबिगारच म्हणायचा!

मी ज्या रोबोंविषयी लिहिणार आहे ते तर वेठबिगारांतलेही दुर्दैवी. त्यांचा जन्मच मुळी मार देण्यासाठी आणि मार खाण्यासाठी झालेला असतो. आपल्याकडे एडक्यांच्या टकरी आणि कोंबड्यांच्या झुंजी पूर्वापार होत आल्या. त्याच जातीचा हा खेळ. फरक इतकाच, की येथे रक्त सांडत नाही. सांडतात ते स्क्रू. "मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीचे येथे काय काम?" असे मला अनेकांनी विचारले आहे. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच. आमच्या चमूत तिघे आहोत. दोघे मित्र अभियांत्रिकी पदविकेचे विद्यार्थी आणि तिसरी मी. रोबोची रचना त्या दोघांची. कार्यशाळा आणि दुरुस्ती हे खाते माझ्याकडे.

खेळाची थोडी ओळख

या खेळाला संघटित रूप आले ते अमेरिकेत. १९९४ साली मार्क थॉर्प याने सॅन फ्रान्सिस्को येथे 'रोबोट वॉर्स' नावाची पहिली स्पर्धा भरविली. पुढे १९९८ पासून बी.बी.सी.ने त्याच नावाची मालिका दाखविली आणि २००० पासून अमेरिकेत 'बॅटलबॉट्स' ही मालिका सुरू झाली. आपल्याकडे पवईच्या आय.आय.टी.चा 'टेकफेस्ट' हा विज्ञान-महोत्सव १९९८ साली सुरू झाला, आणि पुढे त्यातील 'रोबोवॉर्स' हा कार्यक्रम प्रेक्षकांच्या विशेष आवडीचा ठरला. पवई आमच्या घाटकोपरहून फार लांब नाही. त्यामुळे हे वेड आमच्या भागातील मुलांना लागले नसते तरच नवल!

स्पर्धेत वजनाप्रमाणे गट असतात, अगदी कुस्तीसारखे. आपल्याकडच्या स्पर्धांत ६० किलोचे धिप्पाड रोबोही उतरतात. परंतु आमचा गडी दीड किलोच्या गटातला. एक कुस्ती साधारण तीन मिनिटांची. जो रोबो हलेनासा होतो, त्याच्यासाठी पंच दहा आकडे मोजतात. तेवढ्यात त्याने हालचाल केली नाही तर तो हरला. वेळ संपेपर्यंत दोघेही टिकले, तर कोणी अधिक आक्रमण केले व कोणी अधिक नुकसान केले यावर निकाल लागतो.

रोबोच्या अंगात मुख्यतः पाच गोष्टी असतात. चाके फिरविणाऱ्या दोन मोटरी, हत्यार फिरविणारी तिसरी मोटर, या मोटरींना हवा तेवढा वीजप्रवाह देणारे स्पीड कंट्रोलर, दूरनियंत्रकाचे संदेश पकडणारा रिसीव्हर आणि या सर्वांना पोसणारी बॅटरी. वरून चिलखत. आमच्या रोबोचे चिलखत भाजी चिरण्याच्या पांढऱ्या जाड प्लॅस्टिकच्या फळीतून कापलेले आहे. हे ऐकून पुष्कळांना हसू येते. पण हे प्लॅस्टिक चिवट असते. घाव बसला की ते तडकत नाही, दबते आणि घाव पचविते. काचेसारखा कडक पदार्थ जेथे फुटेल तेथे हे टिकून राहते.

हत्याराचे गणित

घरी काय करावे आणि काय करू नये, हे ठरविण्यापूर्वी एक गणित समजून घेणे अवश्य आहे. ते मला वडिलांनी समजावून दिले. वडील लाल बहादूर शास्त्री मार्गावरील एका कारखान्यात टर्नर होते. तो कारखाना आता नाही.

आमच्या रोबोचे पाते पोलादाचे, सोळा सेंटिमीटर लांब आणि सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे आहे. ते मिनिटाला ८,००० फेरे घेऊ लागले, की त्याच्या टोकाचा वेग ताशी २४० किलोमीटरच्या आसपास जातो आणि पात्यात सुमारे २२५ ज्यूल ऊर्जा साठते. ज्यूल म्हणजे काय, हे आपणांपैकी पुष्कळांना आठवत नसेल. म्हणून असे समजा, की एक किलोचे वजन सातव्या मजल्यावरून खाली पडले, तर जमिनीवर आदळताना त्यात जेवढा जोर असेल तेवढा या वीतभर पात्यात असतो. शिवाय ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर जोर चौपट होतो.

म्हणून आमच्या कार्यशाळेचा पहिला नियम हा, की घरात हत्यार फिरवायचे नाही. 'हळूच', 'एकदाच', 'फक्त बघायला' असल्या सवलती नाहीत. स्पर्धेच्या ठिकाणी रिंगणाभोवती पॉलिकार्बोनेटच्या जाड, पारदर्शक भिंती असतात; आमच्या घरात भिंतीपलीकडे शेजारच्या आजी झोपलेल्या असतात. घरी चाके तपासायची असली तर पाते काढून ठेवतो. पाते बसविलेले असेल तेव्हा त्यातून एक पोलादी खीळ आरपार घालून ते जखडून ठेवतो. स्पर्धेतही रिंगणाबाहेर ही खीळ सक्तीची असते. तसेच दूरनियंत्रकाचा संदेश तुटला, तर रोबोने आपोआप थांबले पाहिजे, हेही तेथे तपासले जाते. ही तपासणी आम्ही पाते काढून घरीच करून पाहतो.

साडेतीन फूट बाय आठ फूट

आमचे घर पंतनगरातील गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या इमारतीत आहे. एक खोली, स्वयंपाकघर आणि साडेतीन फूट रुंद, आठ फूट लांब गॅलरी. कार्यशाळा या गॅलरीत. मुंबईत आपले घर मोठे आहे असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तेव्हा जागेअभावी कोणी खट्टू होऊ नये, यासाठी ही मापे मुद्दाम देत आहे.

गॅलरीच्या एका टोकाला भिंतीत पक्का केलेला लाकडी पाट आहे. वापर नसताना तो बिजागरीवर खाली पाडता येतो. त्यावर एक छोटा वाइस. माझे मत विचाराल तर कार्यशाळेत पहिली खरेदी वाइसची करावी. काम जखडून ठेवणारा तिसरा हात मिळाला, की उरलेले दोन हात शहाण्यासारखे वागतात. त्यानंतर कानशी (एक चपटी, एक गोल), लोखंड कापायची करवत, हातोडी, अॅलन चाव्यांचा संच, नाकाडी पकड, वायर सोलायची पकड, छोटे ड्रिल, मल्टिमीटर आणि डाक लावायची इस्त्री. चावी मात्र चांगलीच घ्यावी. हलकी चावी स्क्रूचे डोके खाते, आणि डोके गेलेला स्क्रू काढण्यात जो वेळ जातो त्यात अख्खी कुस्ती हातची जाते.

माल कोठे मिळतो, हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. मोटरी, कंट्रोलर, वायर व कनेक्टर यांसाठी ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड. हत्यारे, बेअरिंगे व स्क्रू यांसाठी नागदेवी स्ट्रीट. पोलादी पाते घरी कापणे शक्य नाही. ते साकीनाका-असल्फा भागातील छोट्या गाळ्यांत कापून मिळते. घाटकोपरहून असल्फा हे मेट्रोचे जेमतेम दोन स्थानकांचे अंतर. या गाळ्यांतील कारागिरांविषयी माझ्या मनात फार आदर आहे. आम्ही नेलेला आराखडा पाहून एका कारागिराने पात्याचा आतला काटकोनी कोपरा बोटाने दाखविला आणि म्हटले, "येथे गोलाई द्या, नाहीतर येथूनच तुटेल." आतल्या धारदार कोपऱ्यात ताण एकवटतो, हे तत्त्व अभियांत्रिकीच्या पुस्तकात आहे, त्यांच्या ते बोटात होते.

डाक लावणे ही कला मी स्वतः शिकले. कल्हईवाला ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे लवकर कळेल. भांडे तापल्याशिवाय कल्हई धरत नाही, तद्वत सांधा तापल्याशिवाय डाक धरत नाही. डाक इस्त्रीवर वितळवून वायरवर थापायची नसते. इस्त्रीने वायर तापवायची आणि तापलेल्या वायरीला डाक टेकवायची. मग ती आपणहून आत शिरते. सांधा चकचकीत व पसरट दिसला तर पक्का. मळकट गोळी झाली तर तो कच्चा, पहिल्याच धक्क्याला सुटणारा. कथील-शिशाची डाक वापरत असाल, तर काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, त्या पाटावर खाण्याचे काही ठेवू नये आणि धूर नाकाशी घेऊ नये. आमच्या घरी पापड वाळत घालण्याची जागाही गॅलरीच. तेव्हा पापडांचे दिवस आणि कानशीचे दिवस आईने निरनिराळे ठरवून दिले आहेत. या कराराचा भंग अद्याप कोणी केलेला नाही.

बॅटरी : खरी जोखीम

पात्याचा धोका डोळ्यांना दिसतो. बॅटरीचा दिसत नाही. म्हणून या भागावर मी थोडी अधिक शाई खर्च करणार आहे.

या रोबोंत लिथियम-पॉलिमर जातीची बॅटरी वापरतात, कारण वजन कमी आणि एका क्षणात प्रचंड प्रवाह देण्याची ताकद मोठी. आमच्या बॅटरीत तीन घट आहेत. प्रत्येक घट पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, नेहमीचा ३.७ व्होल्ट, आणि ३ व्होल्टच्या खाली गेला की तो कायमचा बिघडू लागतो. ४.२ च्या वर चढविला तर तापून पेट घेऊ शकतो. म्हणजे सगळा संसार सव्वा व्होल्टाच्या आतला! म्हणून प्रत्येक घट वेगळा मोजून समतोल राखणारा चार्जरच वापरावा लागतो. दुसरा कोणताही चालत नाही.

आमच्या घरचे नियम असे आहेत. चार्जिंग चालू असताना कोणीतरी जागे आणि शेजारी बसलेले असलेच पाहिजे. रात्री चार्जिंग नाही. बॅटरी पत्र्याच्या डब्यात, फरशीवर ठेवायची. डब्याचे झाकण सैल असावे, कारण बॅटरी बिघडली तर आतून वायू निघतो आणि घट्ट झाकणाचा डबाच फुटायचा. पडदे, वर्तमानपत्रे आणि गॅसची शेगडी यांपासून दूर. जवळ कोरड्या वाळूची बादली. वाळूने ही आग झटकन विझते असे नाही. पण ती आवरते, पसरत नाही, आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. स्पर्धा संपली की बॅटरी पूर्ण भरलेली ठेवायची नाही. प्रत्येक घट ३.८ व्होल्टांच्या आसपास आणून ठेवायचा. फुगलेली, चेपलेली वा टोचली गेलेली बॅटरी कितीही नवी असली तरी बाद. ती कचऱ्याच्या टोपलीत टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची.

हे नियम आम्ही कागदावर लिहून गॅलरीच्या दारावर लावले आहेत, आणि त्यामागे एक प्रसंग आहे. आमच्या ड्रिलच्या आवाजाबद्दल मजल्यावर कुरबुर झाली, तेव्हा सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला. कोणीतरी मोबाइलवर बॅटरी पेटल्याचे चित्र दाखविले. भीती खोटी नव्हती. एका मजल्यावर आठ कुटुंबे, जिना एकच. आम्ही वाद घातला नाही. वरील नियम लिहून नेले, वाळूची बादली दाखविली आणि ड्रिलची वेळ संध्याकाळी पाच ते सात अशी ठरवून घेतली. शेजारच्या आजींनी एकच प्रश्न विचारला : "आग लागली तर तू आधी काय करशील?" मी म्हटले, "आधी तुमचे दार वाजवीन." कार्यशाळेला परवानगी मिळाली ती बहुधा या उत्तरावर.

वीस मिनिटांची दुरुस्ती

दोन कुस्त्यांमध्ये दुरुस्तीला मिळणारा वेळ थोडा असतो. वीस मिनिटे हाती आहेत असे धरूनच तयारी करावी. एवढ्या वेळात जो रोबो उभा राहतो तोच पुढे जातो. माझ्या समजुतीप्रमाणे पुष्कळ स्पर्धा रिंगणापेक्षा दुरुस्तीच्या टेबलावरच जिंकल्या जातात.

क्रम ठरलेला असावा. आधी खीळ घालून पाते जखडायचे, मग वीज तोडायची, मग बॅटरी बाहेर काढून ती फुगली वा तापली आहे का हे पाहायचे. त्यानंतर आतला लोखंडाचा चुरा ब्रशने झाडायचा. मोटरीतल्या चुंबकाला तो चिकटतो, आणि सर्किटवर पडला तर नको तेथे वीज जोडतो. मग प्रत्येक स्क्रूवर चावी फिरवायची. हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात, म्हणून घरीच त्यांच्या आट्यांना पकड धरणारा निळा डिंक लावलेला असतो, तरीही तपासायचे. मग चाके व पाते हाताने फिरवून अडते का, खरखरते का, हे पाहायचे. पात्याला चीर दिसली तर ते पाते परत वापरायचे नाही. हे सर्व झाल्यावर दोष शोधायचा.

दोष शोधणे म्हणजे तर्कशास्त्र, आणि येथे कला शाखेची मुलगी उपयोगी पडते! जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ सालच्या आपल्या ग्रंथात कारण शोधण्याच्या ज्या पद्धती सांगितल्या, त्यांतील व्यतिरेक पद्धती आपण वर्गात शिकतो. दोन प्रसंगांत एकच गोष्ट वेगळी ठेवा आणि परिणाम बदलतो का ते पाहा. मागच्या स्पर्धेत दुसऱ्या कुस्तीनंतर आमचे डावे चाक फिरेना. मोटर गेली, की कंट्रोलर? सुटी मोटर एकच होती, सुटा कंट्रोलर नव्हता आणि घड्याळ चालू होते. दोघे मित्र लगेच मोटर बदलायला निघाले. मी फक्त दोन कनेक्टरांची अदलाबदल केली. डाव्या मोटरीला उजव्या बाजूची वीज, उजवीला डावीची. उजवे चाक फिरले, डावे नाहीच. म्हणजे कंट्रोलर निर्दोष, दोष डाव्या मोटरीत किंवा तिच्या वायरीत. मल्टिमीटर लावला, तर वायर वरून अखंड आणि आतून तुटलेली! मोटरीपाशीच ताण बसून आतले तांबे तुटले होते. वायर सोलून नवी डाक लावली, वर आवरण चढविले. सहा मिनिटांत काम झाले. सुटी मोटर वाचली आणि ती पुढच्या कुस्तीत, दात तुटलेल्या गिअरबॉक्सच्या जागी, कामी आली. ती कुस्ती आम्ही जिंकलो.

हत्याराच्या मोटरीला तीन वायरी असतात. ती फिरण्याऐवजी नुसती थरथरत असेल, तर तिघींपैकी एक तुटली असे बहुधा समजावे. ती उलट फिरत असेल, तर कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली की सुलट फिरते. जळका वास येत असेल तर कंट्रोलर. त्याला घटनास्थळी उपाय नाही, बदलणे एवढेच.

दुरुस्तीची वही

आमच्या चमूत माझी सर्वांत मोठी कामगिरी कोणती, असे विचाराल तर मी वहीकडे बोट दाखवीन. दोनशे पानी साधी वही. प्रत्येक कुस्तीनंतर काय बिघडले, कसे कळले, काय केले, किती वेळ लागला, हे चार रकाने. मित्रांना प्रथम हे कारकुनी काम वाटले. वर्षअखेर आम्ही नोंदी वाचल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक बिघाड शत्रूच्या पात्याने थेट झालेले नव्हते. ते ढिले स्क्रू, ताणलेल्या वायरी आणि सुटलेले कनेक्टर यांचे होते. चिलखत जाड करण्यासाठी जे वजन आणि जे पैसे आम्ही राखून ठेवले होते, ते मग वायरी बांधून घेण्याकडे आणि चांगल्या कनेक्टरांकडे वळविले. जे डोळ्यांत भरते तेच कारण असते असे नाही, हे वाङ्मयाच्या अभ्यासात आपण म्हणतोच. वहीने ते लोखंडात दाखविले.

एक विनंती

आता थोडे गंभीर बोलते. आमची इमारत पुनर्विकासात जाणार आहे. नव्या घरात गॅलरी नसेल. असली तरी तेथे वाइस ठोकू देतील असे वाटत नाही. हे केवळ माझ्या घरचे नाही. ज्या घाटकोपर-विक्रोळीत एकेकाळी दर दोन घरांआड एक फिटर किंवा टर्नर राहत असे, तेथे कारखान्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. वडिलांच्या पिढीला हातांचे शिक्षण पोटापाण्यासाठी मिळाले. आमच्या पिढीला ते हौसेखातरही मिळणे कठीण होत चालले आहे. वडिलांनी मला कानस धरायला शिकविले, तेव्हा एक वाक्य सांगितले होते : कानस पुढे जाताना कापते, मागे येताना फक्त झिजते, म्हणून मागे आणताना तिला उचलावे. असली वाक्ये पुस्तकात वाचून कळत नाहीत; ती वाइससमोर उभे राहूनच कळतात.

आपल्या महाविद्यालयात प्रयोगशाळा नाही, कारण आपण कला शाखेचे. हे कारण मला पुरेसे वाटत नाही. जिन्याखालच्या मोकळ्या खोलीत एक भक्कम टेबल, एक वाइस, दहा-बारा हत्यारे, एक मल्टिमीटर, वाळूची बादली आणि दारावर नियमांचा कागद, एवढे झाले तरी पुरे. तेथे रोबोच व्हावेत असे नाही. नाट्यमंडळाचे दिवे दुरुस्त होतील, ग्रंथालयातील मोडक्या खुर्च्यांचे पाय सांधले जातील, आणि बिघडलेली वस्तू फेकण्याआधी उघडून पाहण्याची सवय लागेल. माझ्या घरचा वाइस, कानशी आणि तो बिजागरीचा पाट मी या खोलीला द्यायला तयार आहे. वडिलांना विचारले आहे. शनिवारी दुपारी येऊन शिकवायची त्यांची तयारी आहे. प्राचार्यांनी आणि प्राध्यापकवर्गाने या सूचनेचा विचार करावा, अशी नम्र विनंती करून लेख पुरा करते.

— तृतीय वर्ष, कला